हप्ता तोच, मग वर्षं कशी वाढली?

२०२२ ची भाऊबीज. ताईकडे जेवणं आटोपली, ओवाळणी झाली, आणि विडा तोंडात टाकून मी जरा लवंडणार तोच भाच्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. म्हणाला, ‘‘मामा, बँकेचा हिशेब साफ चुकलाय. तुम्ही एवढी वर्षं गणित शिकवलंत, जरा बघा.’’

बँकेचा मेसेज होता दोन ओळींचा. व्याजदर बदलल्यामुळे आपल्या गृहकर्जाची उरलेली मुदत आता ३५० महिने. बस, एवढंच.

भाच्याने एप्रिल २०२१ मध्ये फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज काढलं होतं. दर ७ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २३,२५९ रुपये. अठरा हप्ते त्याने एकही न चुकवता भरले. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली आणि त्याचा दर ७ वरून ८.९ टक्क्यांवर गेला. हप्ता मात्र बँकेने तोच ठेवला. म्हणजे २४० पैकी १८ हप्ते गेले, २२२ उरायला हवेत. दर वाढला म्हणून फार तर वीस-पंचवीस वाढतील, असा त्याचा अंदाज. इथे एकदम १२८ वाढले!

‘‘दर दोन टक्क्यांनीही वाढला नाही, आणि साडेअठरा वर्षांची एकोणतीस वर्षं? मी आत्ता छत्तीसचा आहे, मामा. पासष्टाव्या वर्षापर्यंत हप्ते? साठाव्या वर्षी मी घरी बसणार!’’

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

मी म्हटलं, ‘‘उद्या घरी ये. कपाटातून लॉग टेबल काढावं लागेल.’’ त्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतो म्हणे हल्ली.’’ असतो. पण कॅल्क्युलेटर उत्तर देतो, उत्तर असं का आलं हे सांगत नाही. आणि भाच्याला खरी गरज त्या ‘का’ची होती.

तुमच्यापैकी ज्यांनी अकरावी-बारावीला सायन्स घेतलं असेल त्यांना ते पातळ पुस्तक आठवत असेल. बारीक आकड्यांच्या रांगा, उजवीकडे ‘मीन डिफरन्स’चे रकाने, मागच्या पानांवर अँटीलॉग. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पट्टी धरून रांग शोधायची, ‘टू बार’ आणि ‘थ्री बार’मध्ये घोळ घालायचा आणि उत्तर दहापटीने चुकवायचं. आपण ते वापरलं सगळ्यांनी. पण लॉग म्हणजे नेमकं काय, हे किती जणांना कळलं? माझ्या वर्गातल्या साठांपैकी दहांना कळलं असेल तर मी स्वतःला भाग्यवान समजेन. त्यात दोष मुलांचा कमी आणि शिकवणाऱ्याचा जास्त.

दाम कधी दुप्पट होतो?

दुसऱ्या दिवशी भाचा आल्यावर मी त्याच्या कर्जाला हातच लावला नाही. आधी सोपा प्रश्न घातला. समज, सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिना दराने शंभर रुपये घेतले आणि एक पैसाही परत दिला नाही. व्याजावर व्याज चढत गेलं. दोनशे रुपये कधी होतील?

तो पटकन म्हणाला, ‘‘पन्नास महिने.’’ सरळव्याज असतं तर उत्तर बरोबर होतं. पण चक्रवाढीत पहिल्या महिन्याला १०२ होतात, दुसऱ्या महिन्याला १०२ वर दोन टक्के म्हणजे १०४.०४. दर महिन्याला आधीच्या रकमेला १.०२ ने गुणायचं. प्रश्न असा आहे, की १.०२ ला १.०२ ने किती वेळा गुणलं म्हणजे २ येतील? गणिताच्या भाषेत, १.०२ चा कितवा घात २ होतो?

बेरीज उलटवायची तर वजाबाकी करतो, गुणाकार उलटवायचा तर भागाकार. पण इथे जे शोधायचं आहे ते खाली नाही, वर बसलं आहे, घातांकाच्या जागी. त्याला खाली उतरवायला भागाकार चालत नाही, वर्गमूळही चालत नाही. त्यासाठी जी शिडी लागते तिचं नाव लॉगॅरिथम.

लॉग म्हणजे काय? एखादी संख्या मिळवायला १० चा कितवा घात घ्यावा लागतो, तो आकडा. १०० म्हणजे १० चा दुसरा घात, म्हणून १०० चा लॉग २. हजाराचा लॉग ३. मग २ चा किती? दोनला दोनाने गुणत जा. दहा दोन एकमेकांत गुणले की १,०२४ येतात, म्हणजे हजारच्या किंचित पुढे. हजाराचा लॉग ३, म्हणून एका दोनाच्या वाट्याला ०.३ च्या किंचित पुढे. टेबलात बघा, ०.३०१० आहे. कोणी आकाशातून आणलेला आकडा नाही तो.

आणि लॉगची गंमत अशी, की संख्यांचा गुणाकार झाला की त्यांच्या लॉगची नुसती बेरीज होते. मग १.०२ ला पस्तीस वेळा गुणणं म्हणजे त्याच्या लॉगला पस्तीसने गुणणं. घातांक वरून खाली उतरला आणि साधा गुणक झाला. १.०२ चा लॉग टेबलात ०.००८६. दोनचा ०.३०१०. आता प्रश्न एवढाच, की ०.००८६ च्या किती उड्या मारल्या म्हणजे ०.३०१० येईल? भागाकार करा, ३५.

पस्तीस महिने. पन्नास नव्हे, पस्तीस. भाचा जरा वेळ आकड्याकडे बघत राहिला. मग स्वतःच म्हणाला, ‘‘क्रेडिट कार्डवाले साडेतीन टक्के महिना घेतात.’’ त्याचंही काढलं. १.०३५ चा लॉग ०.०१४९. वीस महिन्यांत दुप्पट.

‘दामदुप्पट’ हा आपला जुना शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ आज जाहिरातीत असतो त्याच्या अगदी उलटा होता. हिंदू कायद्यात दामदुप्पट हा कर्जदाराला वाचवणारा नियम. थकलेलं व्याज मुद्दलाइतकं झालं की सावकाराला एका वेळी त्याहून अधिक व्याज मागता येत नसे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा नियम मानला होता. आता तोच शब्द गुंतवणुकीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत येतो.

हा ‘दुप्पट कधी?’चा प्रश्न किती जुना असावा? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बाबिलोनची मातीची एक वीट आहे, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही आधीची. तिच्यावर हेच उदाहरण आहे: वर्षाला वीस टक्के व्याजाने पैसे दुप्पट कधी होतील? त्या लेखनिकाकडे लॉग नव्हता. तिसऱ्या वर्षाअखेर १ चे १.७२८ होतात आणि चौथ्या वर्षाअखेर २.०७३६, म्हणजे उत्तर तीन आणि चार वर्षांच्या मध्ये, हे त्याला कळलं. मधलं अंतर त्याने सरळ प्रमाणाने वाटून टाकलं. उत्तर आलं तीन वर्षं आणि जवळजवळ साडेनऊ महिने. आज लॉग लावून काढलं तर त्याची चूक निघते पाच-सहा दिवसांची. मला त्या अनामिक माणसाचं फार कौतुक वाटतं.

अमरावतीत छापलेली पोथी

लॉगचा शोध स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने लावला, असं पुस्तकात असतं आणि ते खरंच आहे. पण त्याच्या आठशे वर्षं आधी आपल्याकडे एका माणसाने या वाटेवर बरीच मजल मारली होती, हे कमी जणांना ठाऊक आहे. जैन आचार्य वीरसेन यांनी नवव्या शतकाच्या आरंभी ‘षट्खंडागम’ या ग्रंथावर ‘धवला’ नावाची प्रचंड टीका लिहिली. तिच्यात ‘अर्धच्छेद’ अशी संज्ञा येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ३२ चे १६, ८, ४, २, १. म्हणून ३२ चा अर्धच्छेद ५. हा सरळसरळ दोनच्या पायाचा लॉग झाला! तिनाने छेदत गेलं तर त्रिकच्छेद, चाराने चतुर्थच्छेद. आणि दोन संख्यांच्या गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तिथे आहे.

या ग्रंथाच्या ताडपत्री पोथ्या कर्नाटकात मूडबिद्रीला शतकानुशतकं जपून ठेवल्या होत्या. छापील रूपात ‘धवला’ लोकांपुढे आली ती १९३९ पासून, आपल्या अमरावतीहून. तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढच्या काळातल्या विदर्भ महाविद्यालयात, संस्कृत शिकवणाऱ्या हिरालाल जैन यांनी तिचं संपादन केलं. त्यातल्या गणिताविषयी लखनौचे अवधेश नारायण सिंह यांनी १९४२ च्या खंडात लेख लिहिला, तेव्हा कुठे गणिताच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वीरसेनांना विश्वातल्या अफाट संख्या मोजायच्या होत्या, व्यापाऱ्याचा हिशेब करायचा नव्हता. १.०२ सारख्या संख्येचा अर्धच्छेद कोणी कोष्टकात मांडला नाही. ते काम नेपियरचं. एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा हा जमीनदार सुमारे वीस वर्षं आकडेमोड करत होता आणि १६१४ मध्ये त्याने आपलं कोष्टक छापलं. ते वाचून लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज इतके भारावले, की पुढच्याच वर्षी त्याला भेटायला थेट स्कॉटलंडला गेले. त्या काळी हा प्रवास काही दिवसांचा आणि हाडं खिळखिळी करणारा. दहाचा पाया घ्यावा, हे दोघांच्या बोलण्यातून ठरलं. नेपियर १६१७ मध्ये वारला. ब्रिग्जने १६२४ मध्ये तीस हजार संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. सगळे हाताने! आपल्या कॉलेजच्या चार अंकी टेबलाचे हे पणजोबा.

पोस्टाच्या काउंटरवर

लॉग काही फक्त प्रयोगशाळेतला नव्हे, हे भाच्याला पटावं म्हणून मी किसान विकास पत्राचं उदाहरण दिलं. १९८८ मध्ये ही योजना निघाली तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट असा तिचा बोलबाला होता. आमच्या कॉलनीत तेव्हा लग्नाच्या वयाची मुलगी असलेलं एकही घर नसेल, जिथे ती पत्रं नव्हती. टक्क्यांत तो दर किती पडतो? दोनचा लॉग ०.३०१०, त्याला साडेपाचने भागलं की ०.०५४७. अँटीलॉग बघा, १.१३४. म्हणजे वर्षाला १३.४ टक्के.

२०११ मध्ये ही पत्रं बंद झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा दुप्पट व्हायला १०० महिने लागत होते. त्याचा दर निघतो ८.७ टक्के. एप्रिल २०२३ मध्ये दर ७.५ टक्के ठरला तेव्हा मुदत आली ११५ महिने. ‘दहा वर्षं’ असा गोल आकडा न घेता हे विचित्र ११५ कुठून आले, असं पोस्टात कोणी तरी विचारलंच असेल. १.०७५ चा लॉग ०.०३१४. ०.३०१० ला त्याने भागा, ९.५८ वर्षं येतील. बाराने गुणा. ते विचित्र ११५ इथून आले.

टेबल जवळ नसेल तर ७२ ला दराने भागायची युक्ती आहे. साडेसात टक्के असेल तर ७२ भागिले ७.५, म्हणजे ९.६ वर्षं. इटलीच्या लुका पाचोलीच्या १४९४ च्या पुस्तकात ती दिलेली आहे. बाजारात उभ्या उभ्या तेवढी पुरते.

आता माझीच एक लाजिरवाणी गोष्ट. १९९७ मध्ये आमच्या स्टाफरूममध्ये एक एजंट यायचा. तीन वर्षांत तिप्पट. पत्रक गुळगुळीत, भाषा गोड. तीनचा लॉग ०.४७७१, त्याला तीनने भागलं की ०.१५९०, अँटीलॉग १.४४२. वर्षाला ४४ टक्के. बँकेत मुदत ठेवीला तेव्हा बारा टक्क्यांच्या आसपास मिळत होते. एखाद्या धंदेवाल्याला बँक निम्म्याहून कमी दराने कर्ज देत असताना तो तुम्हा-आम्हाला ४४ टक्के का देईल? हा हिशेब करायला मला दोन मिनिटं पुरली असती. ती मी दिली नाहीत. दिले ते पंधरा हजार रुपये. सातव्या महिन्यात ऑफिसला कुलूप लागलं. रोज फळ्यावर लॉग लिहिणाऱ्या माणसाची ही कथा.

उलटी फसगतही होते बरं का. ‘आज लाख भरा, पंचवीस वर्षांनी चार लाख घ्या’ हे ऐकायला भारदस्त वाटतं. चारचा लॉग ०.६०२१, भागिले पंचवीस, ०.०२४१. अँटीलॉग १.०५७. पावणेसहा टक्केसुद्धा नाहीत पुरते.

बँक चुकली नव्हती

चहा झाल्यावर कर्जाकडे वळलो. हप्त्याचं सूत्र पुस्तकात लांबलचक असतं, पण आत एक साधी गोष्ट आहे. ती मी भाच्याला कागदावर मांडून दाखवली.

एप्रिल २०२१ मध्ये ३० लाखांवर ७ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज १७,५००. हप्ता २३,२५९. म्हणजे मुद्दलात गेले ५,७५९. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढं कमी झालेलं, म्हणून व्याजही थोडं कमी, आणि जितकं व्याज वाचलं तितका मुद्दलाचा भाग वाढला. असा हा मुद्दलाचा भाग दर महिन्याला व्याजाच्याच दराने फुगत जातो. शेवटी शेवटी हप्त्यातलं व्याज नाममात्र उरतं आणि जवळजवळ सगळा हप्ता मुद्दलात जातो. म्हणजे प्रश्न असा झाला, की महिन्याच्या व्याजदराने ५,७५९ चे २३,२५९ व्हायला किती महिने लागतील? हे तर आपलं दामदुप्पटीचंच गणित, फक्त दुपटीऐवजी चौपट. ४.०३९ चा लॉग ०.६०६२. महिन्याचा दर बाराव्या हिश्शाने ०.५८३३ टक्के, त्याचा लॉग ०.००२५२६. भागाकार, २४०. वीस वर्षं.

भाच्याने मान हलवली. मग दिवाळीचे आकडे घेतले. शिल्लक मुद्दल सुमारे २९ लाख, दर ८.९. महिन्याचं व्याज २१,५०८. हप्ता तोच २३,२५९. मुद्दलात गेले किती? १,७५१.

‘‘सतराशे?’’ तो म्हणाला. ‘‘तेवीस हजारांतले सतराशे?’’

दोन टक्केही न वाढलेल्या दराने त्याच्या हप्त्यातला मुद्दलाचा घास पावणेसहा हजारांवरून सतराशेवर आणला होता. आता त्या १,७५१ चे २३,२५९ व्हायचे, म्हणजे चौपट नव्हे, तेरापट. १३.२८३ चा लॉग १.१२३३. इथे चार अंकी टेबल कमी पडतं, १.००७४१७ चा लॉग त्यात धड सापडत नाही. माझ्याकडे वडिलांच्या वेळचं सात अंकी टेबल आहे, त्यात ०.००३२०९१ मिळाला. भागाकार भाच्यानेच केला. ३५०.

बँकेचा हिशेब चुकला नव्हता. पण जी गोष्ट समोर बसवून सांगायची, ती दोन ओळींच्या मेसेजमध्ये उरकणं मात्र मला आजही पटत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ६.५ टक्क्यांवर गेला आणि भाच्याचा दर झाला ९.५. मुद्दल होतं साधारण २८ लाख ९५ हजार. महिन्याचं व्याज २२,९१९. मुद्दलात जायचे ३४० रुपये! लॉग लावला तर मुदत आली ५३६ महिने, पावणेपंचेचाळीस वर्षं. ऐंशी पार केल्यावर फ्लॅट त्याचा होणार, आणि तोवर तो भरणार जवळजवळ सव्वा कोटी.

दर आणखी पाव टक्का वाढला असता तर? व्याजच हप्त्यापेक्षा मोठं झालं असतं. मुद्दलाचा भाग शून्याच्या खाली. आणि उणे संख्येचा लॉग कुठल्याच टेबलात नसतो. मुलं वर्गात विचारायची, सर, उणेचा लॉग का नाही? मी सांगायचो, दहाचा कुठलाही घात घ्या, उणे येत नाही. खरं उत्तर त्या दिवशी कागदावर होतं. किती महिन्यांत फिटेल, या प्रश्नाला उत्तरच नाही. हप्ते भरत राहा आणि कर्ज वाढत राहील. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि मुदत वाढवताना अशी वेळ येऊ देऊ नका. तुमचं कर्ज बदलत्या दराचं असेल तर दर तीन महिन्यांच्या विवरणात हप्ता, उरलेले हप्ते आणि व्याज-मुद्दलाची वाटणी बघत जा. मुद्दलाचा आकडा हजाराच्या आत गेला असेल तर त्याच आठवड्यात बँकेत जा.

आम्ही मार्च २०२३ मध्ये गेलो. जाण्यापूर्वी कागदावर दोन हिशेब केले. हप्ता २७,००० केला तर मुद्दलात ४,०८१ जातात. साडेसहापटीचा प्रवास, २४० महिने. म्हणजे पुन्हा वीस वर्षं. हप्ता ३०,००० केला तर मुद्दलात ७,०८१; सव्वाचारपट, १८३ महिने. फक्त तीन हजारांचा फरक, पण पावणेपाच वर्षं आणि पावणेदहा लाख रुपये वाचतात. भाचा म्हणाला, ओढाताण होईल, पण तीस हजारच करू.

त्याच संध्याकाळी ताई माझ्याकडे एकटीच आली. तिच्या हातात तिची पासबुकं. म्हणाली, ‘‘त्याचं सगळं काढून दिलंस, आता माझंही काढ. माझे पैसे किती वर्षं पुरतील?’’

ताई तेव्हा सहासष्ट वर्षांची. भावोजी गेल्यावर आलेले आणि तिने साठवलेले मिळून २४ लाख, सात टक्क्यांच्या ठेवीत. खर्चाला महिना वीस हजार काढते, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. व्याज येतं १ लाख ६८ हजार, उरलेले ७२ हजार मुद्दलातून जातात. गणित कर्जाचंच, फक्त इथे मुद्दल संपणं ही आनंदाची बातमी नाही. ७२ हजारांचे २ लाख ४० हजार कधी होतील? ३.३३३ चा लॉग ०.५२२९, भागिले १.०७ चा लॉग ०.०२९४. पावणेअठरा वर्षं.

‘‘म्हणजे चौऱ्याऐंशीपर्यंत. पुष्कळ झालं की,’’ ती म्हणाली.

पण मी महागाई धरली नव्हती. वर्षाला सहा टक्क्यांनी खर्च वाढत गेला तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो. तसं धरून पुन्हा काढलं, तेव्हा उत्तर अकरा वर्षांवर आलं. मी कागद तिच्यापुढे सरकवला. ताईने चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाली, ‘‘त्याने विचारलं तर अठराचा सांग. अकराचा नको.’’

मी दोन्ही सांगितले. आठ दिवसांनी कळलं, की भाच्याने बँकेत अर्ज दिला तो २७,००० च्या हप्त्याचा. उरलेले तीन हजार तो दर महिन्याला आईला देतो, म्हणजे तिने ठेवीतून वीसऐवजी सतराच काढायचे. तसं केलं तर तिचे पैसे, महागाई न धरता, पावणेअठराऐवजी पंचवीस वर्षांवर पुरतात. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज लांबवून सात टक्क्यांची ठेव वाचवणं हिशेबाने तोट्याचं आहे, आणि तो तोटा किती हे मी लॉग लावून काढलंही होतं. तो कागद मी त्याला दाखवला नाही.